संदकफूवरून एव्हरेस्ट ठरवण्याची सोपी रीत

पश्चिम बंगाल-नेपाळच्या सीमेवरच्या संदकफू शिखरावर, म्हणजे ३,६३६ मीटरवर पोचलात की पहिलं काम एव्हरेस्ट ठरवणं. परभणीहून एवढ्या लांब आलेल्या माणसाला ते शोधत बसणं शोभत नाही. उजाडताना पांढरी रांग उघडली की ग्रूपमधलं दुसरं कुणी बोलायच्या आत बोट करा, "त्यो बघा एव्हरेस्ट!" बोट कुठं करायचं? जे सगळ्यांत मोठं दिसतंय तिकडं.

तो कांचनजंगा असतो. उंची ८,५८६ मीटर, अन् एव्हरेस्टच्या निम्म्याहून कमी अंतरावर. पण लाजू नका, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठे साहेबसुद्धा त्यालाच जगात सगळ्यांत उंच धरत होते. मग थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणी आल्या, हवेत वाकणाऱ्या प्रकाशाच्या दुरुस्त्या आल्या, सर्वेक्षण खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांची आकडेमोड आली. त्यात वर्षं गेली. तुम्हाला चहा गार व्हायच्या आत उरकायचंय.

एखादा चिकित्सक वायव्येला बोट दाखवेल. तिथं डावीकडून ल्होत्से, एव्हरेस्ट, मकालू असे तिघं आहेत खरे. पण ८,४८५ मीटरचा मकालू वीसेक किलोमीटर अलीकडं, म्हणून थोराड दिसतो, ८,८४८.८६ मीटरचा एव्हरेस्ट लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत सापडलेल्या उंच भाच्यासारखा नुसता माथा दाखवतो. असल्या एव्हरेस्टसोबत सेल्फी काढून गावाकडं काय पाठवणार?

गाईडला तर विचारूच नका. त्याचा जन्म त्या डोंगरांसमोर गेलाय, त्याला काय कळतंय! ॲपही नको, ते नुसती नावं सांगतं, मान देत नाही. कुणी डोंगररांगेच्या आकारातला 'झोपलेला बुद्ध' दाखवला तर "आमच्या अजिंठ्याला २६ नंबरच्या लेणीत याच्याहून सुबक आहे" म्हणून विषय बदला. कारण त्या बुद्धाचं तोंड म्हणजे कुंभकर्ण शिखर अन् पोट म्हणजे कांचनजंगा. खोलात गेलात तर तुमचा एव्हरेस्ट बुद्धाच्या पोटात निघायचा.

आभाळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वच्छ असतं म्हणतात. तुम्ही मे महिन्यातच जा. ढगात दाखवलेलं शिखर खोडून काढणारा अजून जन्मायचाय.

परत आलात की चौकात फ्लेक्स लावा: 'एव्हरेस्टच्या सान्निध्यात'. भूगोलाच्या सरांनी चूक काढलीच, तर त्यांना एवढंच विचारा, "सर, तुम्ही गेलता का?"