गिरणी 'चालते' की 'पळते'? रन या एका शब्दाबद्दल थोडं मनापासून

संध्याकाळी माझ्याकडे सहावी-सातवीची मुलं इंग्रजीला येतात, सगळी मराठी मीडियमची. त्यातल्या एका मुलीच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. शाळेत 'माझे कुटुंब' वर इंग्रजीत दहा वाक्यं लिहायची होती आणि तिने लिहिलं, माय फादर वॉक्स अ फ्लोअर मिल. वहीत त्यावर लाल फुली, बाजूला 'रन्स' असं लिहिलेलं, आणि खाली शेरा की समानार्थी शब्द पाठ करणे. मग तिने गाइडमधून यादी उतरवून घेतली, रन म्हणजे जॉग, स्प्रिंट, डॅश, रेस, ऑपरेट, मॅनेज, फ्लो. यादी तोंडपाठ करून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, पाठ झालं, पण यातला कुठला कुठे लिहायचा?"

हा प्रश्न चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

कारण त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं हो. बाबा गिरणी 'चालवतात', चालणे म्हणजे वॉक हे तिला पहिलीपासून शिकवलंय, तिने सरळ विचार केला. फुली मारताना कुणीतरी तिला एवढंच सांगायला हवं होतं की बाळा, आपल्याकडे यंत्रं चालतात आणि इंग्रजीत तीच यंत्रं पळतात. घड्याळ चालतं, पंखा चालतो, दुकान चालतं, सरकार चालतं, कोर्टात केस चालते आणि डोकं चालत नाही, यातलं बरंचसं इंग्रजीत रनच्या खात्यात जातं, सगळं नाही. एवढं एक कळलं की पोरं स्वतःच पुढची वाक्यं करायला लागतात, मी बघितलंय.

आणि रन हा शब्द साधासुधा नाहीये. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची पहिली आवृत्ती 1928 साली पुरी झाली तेव्हा त्यात सगळ्यात मोठी नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतसुद्धा सेटच पुढे, चारशेच्या वर अर्थ. मग संपादक नव्या आवृत्तीसाठी रनपर्यंत पोचले आणि पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने या एका शब्दावर तब्बल नऊ महिने काम केलं. निघाले 645 अर्थ, तेही नुसत्या क्रियापदाचे, रन हे नाम वेगळंच. नऊ महिने एका जाणत्या माणसाने ज्या शब्दावर घालवले तो आपण सात शब्दांच्या यादीत बसवतो आणि पोरांना म्हणतो पाठ करा.

मला वाटतं रनचा एवढा पसारा यंत्रांमुळे झाला. मूळ जुन्या इंग्रजीत त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी होते, पायांनी पळणं आणि पाण्याने वाहणं. म्हणून त्यांचं नाक 'पळतं' आणि नळसुद्धा. आपल्याला विचित्र वाटतं, पण संस्कृतातल्या धाव् धातूलाही पळण्याबरोबर वाहण्याचा अर्थ होताच, मराठीत येईपर्यंत तो गळला आणि नाक, नळ, नदी आपण 'वाहणे'कडे सोपवलं. पुढे तिकडे गिरण्या आल्या, इंजिनं आली, रेल्वे आली, कॉम्प्युटर आला, त्या सगळ्यांना त्यांनी रन लावलं आणि आपण बहुतेकांना 'चालणे' लावलं. रेल्वेचं मात्र बघा, ती आपल्याकडेही धावते. पेपरात 'लोकल उशिराने धावत आहेत' असंच येतं, 'चालत आहेत' असं कुणी छापत नाही. बँकेतलं करंट अकाउंट घ्या, त्यातला करंट हा शब्द लॅटिनमधल्या पळण्याच्या धातूवरून आलाय आणि आपण त्याला 'चालू खातं' म्हणतो, तेच पैसे तिकडे पळतात आणि इकडे चालतात. निवडणुकीला अमेरिकेत माणूस रन करतो, ब्रिटनमध्ये स्टँड म्हणजे उभा राहतो, आणि आपल्याकडेही तो उभाच राहतो.

आता समानार्थी शब्दांबद्दल, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. समानार्थी म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसवला तरी चालेल असं आपण शिकवतो, आणि तसं बसवता येणारी जोडी फार म्हणजे फार क्वचित सापडते. इंग्रजी सोडा, मराठीच घ्या. पळणे आणि धावणे समानार्थी ना? मग चोर पळाला, धावला नाही. शेजारी मदतीला धावून आला, पळून आला नाही. मुलगी पळून गेली म्हटलं की घरात काय झालंय ते वेगळं सांगावं लागत नाही, आणि मुलगी धावून गेली म्हटलं की ती कुणाच्या तरी अंगावर गेली किंवा मदतीला गेली. भक्त देवाचा धावा करतो, देव धावत येतो, देव कधी पळत येत नाही. पळण्यात मागे काहीतरी असतं ज्याच्यापासून लांब जायचंय, धावण्यात पुढे कुणीतरी असतं ज्याच्यापर्यंत पोचायचंय, निदान मला तरी असं जाणवतं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत वेळापूरच्या अलीकडे टेकडीवरून वारकरी एकदम धावत सुटतात, त्याला धावाच म्हणतात. तिथून तुकोबांना विठ्ठलाच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत निघाले अशी श्रद्धा आहे. त्या जागी 'पळ' हा शब्द घालून बघा, सगळं सांडतं. आणि धूम ठोकली, पोबारा केला, सुंबाल्या केला हे तर अजून वेगळेच, त्यात पळणाऱ्याबद्दल बोलणाऱ्याचं मतपण आलं.

क्रिकेटवाल्यांनी रनला 'धाव' म्हटलं ते मला फार आवडतं. धावबाद, धावसंख्या, धावफलक, आणि रनिंग कॉमेंटरीचं धावतं समालोचन, किती सहज बसलेत हे शब्द. 'पळसंख्या' कुणी म्हटलं असतं का?

इंग्रजीत 1852 साली पीटर मार्क रोजे या डॉक्टरने थिसॉरस काढला, ज्याच्या नावाने आजही समानार्थी शब्दांचे कोश विकले जातात. त्याने शब्द कल्पनांनुसार गटांत लावले होते. लिहिणाऱ्याच्या मनात कल्पना आहे पण नेमका शब्द सापडत नाहीये, त्याने गटात जाऊन निवडावा यासाठी ते पुस्तक होतं. म्हणजे ज्याला शब्द आधीच माहितीयेत त्याच्यासाठी. ज्या मुलीला रनच नीट भेटलेला नाही तिच्या हातात ती यादी देणं म्हणजे गावात नव्या आलेल्या माणसाला घरांचे नंबर पाठ करायला लावणं, कोण कुठे राहतं ते न सांगता.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रियापद एकटं शिकवू नका, त्याच्या सोबत्यांसकट शिकवा. रन अ शॉप, रन अ फीव्हर, रन आउट ऑफ मिल्क, रन इन द फॅमिली, प्रत्येकासमोर आपल्या घरातलं मराठी लिहा. दुकान चालवणं, अंगात ताप असणं, दूध संपणं, घराण्यातच असणं. मराठीत तीन वेगळी क्रियापदं लागली हे मुलांच्या डोळ्यांना दिसू दे. आणि उलटपण करा. आपलं 'चालेल' इंग्रजीत न्यायला सांगा. कोल्हापूरकडचं 'चालतंय की' न्यायला सांगा. तिथे ना वॉक कामाला येत ना रन, आणि मग मुलांना कळतं की आपली भाषापण काही कमी खोल नाही. मराठी मीडियमच्या मुलांना त्यांचं मराठी हा अडथळा आहे असं इतक्या वेळा सांगितलं जातं की ती मराठीत विचार करायलाच घाबरतात, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

त्या मुलीची यादी आम्ही बाजूला ठेवली आणि गिरणीवरच बसलो. बाबा गिरणी चालवतात, गिरणी सकाळी आठला चालू होते, पट्टा फिरतो, पीठ पडतं, दुपारी लाइट जाते. एकेक वाक्य दोन्ही भाषांत. ती सांगत होती, मी लिहीत होते. मग तिने विचारलं, "ताई, आपली गिरणी बंद 'पडते', मग इंग्रजीत पण पडतेच का?" म्हटलं नाही, तिकडे ती मोडते, ब्रेक डाउन होते. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पण आमची कधी मोडली नाहीये, नुसती बंद पडते."