आठ फूट एकटेपणा

मूक प्रयोगाला दुभाषी कशाला लागतो हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता, पण मानधन मिळणार म्हटल्यावर असले प्रश्न पडत नाहीत. माझं जर्मन म्हणजे वीस वर्षांपूर्वी केलेल्या दोन लेव्हल, त्यातलं आता स्टेशन कुठे आहे आणि बटाटे कसे दिले एवढंच शिल्लक आहे.

प्रकार होता एकटेपणावरचा आंतरसांस्कृतिक आंतरविद्याशाखीय परफॉर्मन्स (एका दमात म्हणून बघा). बर्लिनची एक डान्सर, ओसाकाचा आवाजांवर काम करणारा पोरगा, आपल्याकडचा एक पखवाजवाला, आणि जागा म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचा चौक. एकटेपणा शोधायला वाड्याचा चौक कुणी सुचवला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिला आठवडा नुसत्या चर्चेत गेला. बर्लिनबाई म्हणाल्या आमच्याकडे अलाइनझाइन म्हणजे नुसतं एकटं असणं आणि आइनझामकाइट म्हणजे ते बोचणं, मी म्हटलं आमच्याकडेही एकांत वेगळा आणि एकटेपणा वेगळा, त्यावर पखवाजवाल्याने तुकोबा काढले आणि पाऊण तास ठेवले नाहीत. ओसाकाचा पोरगा म्हणाला ब्रिटनने 2018 मधे एकटेपणासाठी मंत्री नेमला आणि आमच्या जपाननेही 2021 मधे नेमला. मी गंभीरपणे भाषांतर केलं तर पखवाजवाला म्हणतो, "कॅबिनेट की राज्यमंत्री?"

त्या पोराने एकटेपणाचा आवाज पकडायला रात्री दोन वाजता चौकात माइक लावून ठेवला होता. सकाळी ऐकलं तर कुत्री, गुरख्याची शिट्टी, वरच्या मजल्यावरचं सलग घोरणं आणि पाचला कुणीतरी पिंप भरतंय. पोरगा जाम खूश.

मग बाईंनी दोरी काढली. म्हणजे कल्पना. न्यूयॉर्कमधे तेहचिंग शे आणि लिंडा मोंटॅनो या दोन परफॉर्मन्स कलाकारांनी 4 जुलै 1983 पासून अख्खं वर्ष एकमेकांना कमरेला आठ फुटी दोरीने बांधून घेतलं होतं, आणि अट अशी की एकमेकांना स्पर्श करायचा नाही. जवळ असून एकटं असणं वगैरे. मी चाळीत वाढलेला माणूस, आमच्या खोलीत आठ फुटांत आम्ही पाच जण झोपायचो, पण ते जर्मनमधे सांगण्याइतका शब्दसाठा नव्हता म्हणून नुसती मान डोलावली.

दोरी आणायला अर्थात मीच. बोहरी आळीत दुकानदार म्हणाला वाळत घालायला हवी की बैलाला? म्हटलं माणसं बांधायची आहेत. त्याने नायलॉनची काढली, ही तुटत नाही म्हणाला.

प्रयोगाच्या दिवशी पखवाजवाल्याचा फोन, पाठ धरली आहे. मग काय, दोरीच्या दुसऱ्या टोकाला मी. तीन तास. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. आणि हे पुण्यात.

पाच मिनिटांत चौकात गर्दी. "नवस आहे का हो?" "अहो वटसावित्रीचं असेल, पण मग वड कुठाय?" एक काका तर म्हणाले गाठ बांधलीय म्हणजे लग्न लागलं असणार, आणि त्यांनी फोटो काढून आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला (हे नंतर कळलं, बायकोचे अकरा मिस्डकॉल बघून). कुणीतरी समोर दहाची नोट ठेवली, ती बघून पुढच्यांनीही ठेवल्या. दीड तासाने मला लघवीला लागली, ते कसं सोसलं ते मला माहीत. आठ फुटांचं गणित मी मनात चार वेळा करून बघितलं, संडास बावीस फुटांवर होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या आजी सूप आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन खाली आल्या, आमच्या बरोब्बर मधे पाट टाकून बसल्या आणि दोरी मांडीवरून नीट बाजूला सारून निवडायला लागल्या. कुणाशी एक अक्षर नाही. पाच-दहा मिनिटं बाई बघत राहिल्या, मग सरकत सरकत जाऊन पाटासमोर बसल्या आणि पानं खुडायला लागल्या. दोरी ताणली म्हणून मलाही जावं लागलं. देठासकट टाकलं की आजी माझ्या हातावर चापट मारायच्या, बाईंना मात्र काही नाही. स्पर्शाचा नियम तिथेच मोडला पण तो आजींना कुणी सांगितलाच नव्हता.

दोरी सुटल्यावर मी आधी ते बावीस फूट गाठले. परत आलो तर बाई भारावलेल्या, माझा दंड धरून म्हणाल्या हाच आपला प्रयोग, पुढच्या वर्षी बर्लिनला आजी हव्यातच, विचार त्यांना. मी विचारलं.

आजींनी सूप उचललं, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "किती दिवस?"

"चार दिवस, आजी."

"बरं. तिकडे मेथी मिळते का विचार, आणि सूप मी माझं आणीन म्हणावं."