टक्

पूर किती आला हे नाशिककराला क्युसेकमध्ये सांगून उपयोग नाही. ‘गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं’ म्हटलं की सगळं कळतं. जुन्या मोटारसायकलच्या बॅटरीसाठीही असाच एक मारुती बाजारात मिळतो, त्याला मल्टीमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजणारं मीटर) म्हणतात. फरक एवढाच की, तो मारुती बघायला अख्खं गाव घाटावर लोटतं आणि या मारुतीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. गरजच काय? निदान आधीच झालेलं असतं.

जानेवारीतली सकाळ, निफाडकडून आलेला गारठा, सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी. सेल्फचं बटण दाबावं आणि गाडीनं नुसतं ‘टक्’ म्हणावं. फिरून परतणारे दोन काका थांबतात. “बॅटरी गेली.” दूधवाला सायकलवरूनच दुजोरा देतो. टाकीत पेट्रोल नसतं तरी तिघांनी हेच सांगितलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट झाल्यानं इंजिन नेमकी तेव्हाच जास्त ताकद मागतं, हे खरं. पण म्हणून नवी बॅटरी आणायच्या आधी गाडी काय म्हणते ते नीट ऐकावं.

‘टकटकटकटक’ असा टाइपरायटर चालला, तर बॅटरी उतरली आहे किंवा कुठलंतरी टोक ढिलं आहे. रिले (सेल्फच्या मोटरला करंट देणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो; भार गेला की व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा ओढला जातो. एकच ठसठशीत ‘टक्’ आला आणि हेडलाइट जराही मंद झाला नाही, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही: रिलेचे पॉइंट जळालेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश संपलेत. ‘टक्’बरोबर हेडलाइटही मान टाकत असेल, तर बॅटरी अशक्त किंवा मोटर जाम. आणि काहीच आवाज नसेल, तर किल स्विच (इंजिन बंद करणारं हँडलवरचं बटण) बघा. लाजू नका. काही गाड्यांत तो बंद असला की सेल्फही फिरत नाही. काहींत सेल्फ फिरत राहतो, इंजिन पेटत नाही आणि तोवर बॅटरी खरंच उतरते, म्हणजे काकांचं निदान मागाहून बरोबर ठरतं. मग न्यूट्रलचा दिवा, क्लचचा स्विच, फ्यूज. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे कलावंत आहेत, पण मग पुढच्या वेळी फ्यूजचं काम अख्खं वायरिंग करतं.

आता मारुती. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२च्या खाली रिकामीच समजा. पण उभ्या पाण्यावरून नदीचा जोर कळत नाही. सेल्फ दाबून आकडा बघा. साडेनऊ-दहाच्या वर राहिला तर बॅटरी निर्दोष. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ दाबताच सहावर येत असेल, तर आतला सेल गेला. तिला चार्जिंगला लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. नुसतीच उतरलेली असेल तर क्षमतेच्या एक दशांश करंटनं भरा: ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.९ अँपिअर, दहा-बारा तास. ट्रकच्या चार्जरवर ‘अर्ध्या तासात देतो’ म्हणणाऱ्याकडून ती अर्ध्या तासात मिळते, फक्त उकडलेली मिळते.

बॅटरी निर्दोष ठरली की खरी मजा सुरू होते, कारण आता संशय अर्थिंगवर. जुन्या गाडीतल्या भुताटकीच्या दहा प्रकरणांपैकी निदान पाच तरी इथली, असं माझं ठाम मत आहे. बॅटरीच्या निगेटिव्हची काळी जाड वायर इंजिनला किंवा चॅसीला एका बोल्टनं कसलेली असते. तो बोल्ट वीस वर्षांत कुणी उघडलेला नसतो. वरून ठणठणीत, खाली गंज. धरा, मोटर ५० अँपिअर ओढते. त्या गंजाचा विरोध एका ओहमचा विसावा भाग जरी असला, तरी अडीच व्होल्ट तिथेच फस्त. मोटरच्या ताटात उरतं काय? टेस्ट लॅम्प लावला तर तो मात्र झकास पेटतो, कारण त्याची भूक जेमतेम अर्ध्या अँपिअरची.

हे पकडायचं असं. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वायरच्या लगवर, म्हणजे टोकाच्या कडीवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर), लाल पिन इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर. सेल्फ दाबा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्याच्या वर गेला की चोर सापडला. मग दहाचा पाना घ्या, आधी निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना चॅसीला टेकला, तर दिवाळी. बोल्ट, लग आणि खालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करा, कसा, वरून पेट्रोलियम जेली. जोडताना निगेटिव्ह शेवटी. खर्च: पॉलिश पेपरचा एक तुकडा.

हौसेनं चॅसीला पावडर कोटिंग करून घेतलेल्या गाड्यांत हा रोग हटकून. रंग सुंदर, पण अर्थिंगच्या जागेवरही तोच रंग, आणि रंगातून करंट जात नाही. दसऱ्याची गाडीही त्यातलीच. प्रेशरच्या पाण्यानं धुवायची, झेंडूचा हार घालायचा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती सुरू होत नाही, कारण पाणी हँडलच्या स्विचमध्ये आणि ठिणगी देणाऱ्या प्लगच्या कॅपमध्ये बसलेलं असतं.

सेल्फ झकास फिरतोय पण गाडी पेटत नाही, तर गोष्ट प्लगची. प्लग काढा, कॅपमध्ये बसवा, त्याचं धातूचं अंग इंजिनला टेकवा (प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते) आणि किक मारा. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. पिवळट, आळशी असेल तर आधी कॅप फिरवून काढा, कॉइलच्या वायरचं काळं पडलेलं टोक अर्धा सेंटिमीटर कापा, कॅप पुन्हा बसवा. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. प्लग हातात धरून करंट बघणारे मिस्त्री आहेत. तो परंपरेचा भाग आहे, पद्धतीचा नाही.

ढकलस्टार्टबद्दल एकच सांगतो. जुन्या नाशिकातून गोदाघाटाकडे उतार भरपूर आहेत. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून वेग घ्या, मग सोडा. फक्त उतार संपायच्या आत गाडी लागली नाही, तर पुढे नदी आहे आणि मागे चढ.

गाडी सुरू झाली तरी मीटर खिशात ठेवू नका. इंजिन रेस करून बॅटरीवर बघा: १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १५च्या वर जात असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळतेय. रेस करूनही साडेबारावरच असेल तर चार्जिंग बंद. रेग्युलेटर आणि स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी गुंडाळी) तपासण्याआधी त्यांच्या वायरींचा प्लास्टिकचा कपलर उघडा, तो निम्म्या वेळा आतून वितळलेला असतो.

सगळं ठीक आणि तरी आठवड्यानं पुन्हा ‘टक्’? मग चावी बंद करा, निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर मिलिअँपिअरवर ठेवून वायर आणि खांब यांच्यामध्ये जोडा. साध्या कार्बोरेटरच्या गाडीत शून्याच्या आसपास दिसायला हवं. ५० मिलिअँपिअर दिसले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर गळतायत, ९ची बॅटरी आठवड्यात खडखडीत. एकेक वायर सोडवत जा. गळती बहुतेक वेळा चिरंजीवांनी सीटखाली बसवलेल्या, रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीच्या कंट्रोलरमध्ये निघते. ती वायर कापायची का, हा प्रश्न इलेक्ट्रिकल नाही, घरगुती आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत किक आहेच.