पेसमेकर, हॅकर आणि उपटलेला प्लग

आमच्या आत्याने पेसमेकरची (हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्राची) माहिती डॉक्टरांना पाठवणाऱ्या घरच्या मॉनिटरचा प्लग उपटून ठेवलाय. कारण फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: 'अमेरिकेने साडेचार लाखांवर पेसमेकर परत मागवले. मोबाइलवरून हॅक होतात. अपडेट करताना हृदय बंद पडतं. घरातला मॉनिटर आधी काढा. सॉफ्टवेअरने याआधीही माणसं मारलीत.'

परत मागवले? ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) अ‍ॅबट कंपनीच्या, म्हणजे पूर्वीच्या सेंट ज्यूडच्या, सुमारे 4,65,000 पेसमेकरबद्दल सूचना काढली. आकडा खरा. पण शरीरातून काढा असं एफडीए म्हणालीच नाही. दवाखान्यात जायचं, तीनेक मिनिटांत नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, घालून घ्यायचं, एवढंच.

'हृदय बंद पडतं' लिहिणाऱ्याने ती सूचना उघडलेलीही दिसत नाही. अपडेट चालू असताना पेसमेकर बॅकअप मोडमध्ये जातो, मिनिटाला 67 ठोक्यांचा वेग सांभाळतो, हे तिथेच लिहिलंय. बांधणीच तशी आहे: वरचं सॉफ्टवेअर बदलत असलं तरी जिवाशी गाठ असलेलं काम थांबता कामा नये. धोका शून्य नाही, तेही छापलंय. आधीच्या अपडेटांच्या अनुभवावरून यंत्र पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण 0.003 टक्के, म्हणजे लाखात तीन. म्हणून तर हे डॉक्टरांसमोर करतात, घरी रात्री चार्जिंगला लावून नाही.

हॅकिंगचं म्हणाल तर फट होती, मान्य. पण त्यासाठी रुग्णाच्या जवळ यावं लागतं, आणि तोवर कुणाला इजा झाल्याची एकही नोंद नव्हती. शिवाय ती फट बुजवायलाच अपडेट होतं ना!

'माणसं मारलीत' हेही खरं, नाइलाजाने मान्य करतो. 1985 ते 1987 मध्ये थेरॅक-25 या रेडिएशन मशीनने सहा रुग्णांना भयंकर डोस दिला, त्यातले काही दगावले. आधीच्या मशीनमधले चुकीचा डोस रोखणारे हार्डवेअरचे अडसर काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. बॅकअप मोड लागतो तो याचसाठी.

आता प्लग. जानेवारी 2017 मध्ये याच कंपनीच्या घरच्या मॉनिटरमध्ये त्रुटी सापडली होती. दुरुस्ती नेटवर्कवरून आपोआप मॉनिटरमध्ये येणार होती, म्हणून एफडीएने रुग्णांना सांगितलं: प्लग लावून ठेवा. मेसेज नेमका उलटा! प्लग काढला की दुरुस्ती पोचत नाही आणि हृदयाची माहिती डॉक्टरांकडे जात नाही. आत्याचा मॉनिटर कुठल्या का कंपनीचा असेना, शंका असेल तर पेसमेकर क्लिनिकला फोन करायचा, प्लगला हात लावायचा नाही.

मोबाइल मात्र छातीवरच्या खिशात नको. काही फोनमध्ये चुंबक असतात, पंधरा सेंटिमीटर लांब ठेवा.