सापळ्यातील माश्या आणि बागेतील माश्या

आंब्यावरील फळमाशीच्या बंदोबस्ताविषयीच्या लेखात हापूसला पाड लागल्यावर तिच्यासाठी सापळे टांगावेत असा सल्ला दिला आहे; तो मला उशिराचा वाटतो. कोकणात थंडीत विरळ असलेली फळमाशी मार्चपासून तापमान वाढून फळे पक्वतेकडे झुकू लागली की झपाट्याने वाढते आणि एप्रिल ते जून या काळात, विशेषतः वळवाच्या सरींनंतर, तिचा उपद्रव सर्वाधिक जाणवतो. पूर्ण वाढलेल्या अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोषावस्थेत जात असल्याने ओलसर जमीन त्यांना मानवते. शिवाय मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याचे आमिष लावलेल्या सापळ्याकडे केवळ नर आकर्षित होतात, त्यामुळे सापळा भरला म्हणजे फळांत अंडी घालणाऱ्या माद्या संपल्या, असे समजता येत नाही. (भरलेला सापळा शेजाऱ्याला कौतुकाने दाखवण्याची आपल्याकडची हौस वेगळी.) युरोपीय संघाने 2014 मध्ये भारतीय आंब्याची आयात थांबवली, त्यामागेही फळमाशीच होती. आंब्याचा हंगाम सरल्यावर ही कीड परसातील पेरू आणि चिकूवर तगून राहते. म्हणूनच गळलेली फळे गोळा करून खोल पुरण्याचे काम, ज्याला लेखात जेमतेम एक ओळ मिळाली आहे, पेरूच्या झाडाखालीही वर्षभर चालू ठेवावे लागते.