जाळी दिसतेय ना? मग ग्लूटेनही आहे

एक निरोप सध्या जोरात फिरतोय : खपली गव्हाचा सावरडो, म्हणजे पुडीतल्या यीस्टशिवाय आंबवलेला पाव, ग्लूटेनमुक्त असतो, त्यात यीस्ट नसतं, त्यातले जिवंत जिवाणू पोट सुधारतात, मधुमेहींनी हवा तेवढा खावा. सोबत पावाच्या कापाचा फोटो, सुरेख जाळीचा.

आधी फोटोच बघू. पीठ आंबताना तयार झालेला वायू आत अडकतो, म्हणून जाळी पडते. त्याला अडकवून ठेवणारी, गव्हातल्या प्रथिनांची लवचीक चौकट म्हणजेच ग्लूटेन. पाठवणाऱ्याने दाव्याविरुद्धचा पुरावा स्वतःच जोडलाय!

खपलीचं ग्लूटेन नाजूक असतं, हे मात्र खरं. माझा पहिला निव्वळ खपलीचा पाव ओव्हनमध्ये थालीपिठासारखा पसरला. मे महिन्यात, पुण्यात, पीठ रात्रभर ओट्यावर ठेवण्याचा शहाणपणा माझाच. आंबताना आम्ल आणि विकरं (एन्झाइम) ग्लूटेनचे काही दुवे तोडतात, पीठ सैल पडतं. पण सैल पडणं म्हणजे संपणं नव्हे. ग्लूटेनमुक्त म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत यावं लागतं. गव्हाच्या किलोभर पिठात ते दोन आकडी ग्रॅममध्ये असतं. इटलीतल्या संशोधकांनी निवडक जिवाणू आणि बुरशीची विकरं वापरून पीठ या मर्यादेखाली आणलंय, पण ते प्रयोगशाळेत. आपल्या बरणीतल्या स्टार्टरकडून, म्हणजे पाव आंबवायच्या विरजणाकडून, ती आशा नको. सिलियाक, म्हणजे ग्लूटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार, असलेल्यांनी असा पाव खाल्ला तर त्रास न जाणवताही आतड्याला इजा होत राहते.

मग 'मला साधा पाव बाधतो, सावरडो पचतो' म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात, काहींचं पोट त्यांनी फुगतं. सावकाश आंबवलं की त्यातली बरीच संपतात. या मंडळींना मुळात ग्लूटेनचा त्रास नसेलही.

यीस्ट नसतं म्हणे. स्टार्टर फुगतो तो जंगली यीस्टमुळेच, फक्त ते पुडीतलं नसतं. आणि जिवंत जिवाणू? भाजताना पावाचा गाभा 95 अंशांच्या आसपास तापतो. ताकातले जिवाणू जिवंत असतात, इडलीतले नाहीत, पावाचंही तेच.

मधुमेहाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. आम्लामुळे स्टार्च हळू पचतो, साध्या पांढऱ्या पावापेक्षा साखर सावकाश चढते. पण 100 ग्रॅम पावात जवळपास निम्मी कर्बोदकंच. तेव्हा 'हवा तेवढा' हे ग्लुकोमीटरला पटणार नाही. विकतचा आणत असाल तर घटकांची यादी वाचा. खपलीच्या आधी मैदा लिहिलेला सापडू शकतो.

ग्लूटेन खरोखरच टाळायचं असेल, तर न्याहारीला नाचणीची आंबील आहे, ज्वारीची उकड आहे. फक्त पीठ गिरणीतून आणू नका, आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्यात उतरलेला असतो. सिलियाकच्या घरी स्वतःची घरघंटी हवी, आणि तिच्यात गहू एकदाही टाकायचा नाही.