कागदाचा प्रकार: इतर

मी मोबाइल अ‍ॅप डिझाईन करतो. म्हणजे नेमकं काय करतो हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. 'पणजीला कॉम्प्युटरवर असतो' एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. गेल्या पावसाळ्यात ऑफिसात एक नवं काम माझ्या गळ्यात पडलं. माणसाचे सगळे वैद्यकीय कागद मोबाइलात एका जागी राहतील अशी सोय करायची होती. फोटो काढा, प्रकार निवडा, सेव्ह करा. पडद्यावर ते इतकं देखणं दिसत होतं की चतुर्थीच्या आत काम हातावेगळं होणार, असं मी साहेबांना सांगूनही टाकलं. आता चाचणीला खरा पेशंट हवा, म्हणून एका रविवारी म्हार्दोळला आत्याकडे गेलो.

आत्याने कपाटावरून पिशवी काढली. साडीच्या दुकानातली, एक बंद तुटलेली. आत वीस-पंचवीस वर्षांची दुखणी होती, आणि ती तारखेप्रमाणे नव्हे तर गावाप्रमाणे लावलेली. वर फोंड्याचे कागद, मध्ये मडगावचे, आणि तळाला रबरबँड घालून 'बांबोळीचे', म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलचे. आपल्या गोव्यात दुखणं किती मोठं ते गावावरूनच कळतं. 'फोंड्याला दाखवलं' म्हणजे ताप-खोकला. 'बांबोळीला नेलं' म्हटलं की ऐकणारा आपोआप आवाज खाली आणतो. माझ्या अ‍ॅपमध्ये तारीख, डॉक्टर आणि प्रकार असे तीन फिल्टर होते. गावाचा नव्हता.

पहिला रकाना नावाचा. इथे कसली अडचण येणार? पण आमच्यात पूर्वी लग्नात मुलीचं आडनावच काय, नावसुद्धा बदलायचे. त्यामुळे जुने कागद माहेरच्या नावाने आणि नंतरचे सासरच्या. भरीला पोर्तुगीज अमलातला जन्मदाखला. त्यात आमच्या साध्यासुध्या 'नाईक'च्या शेवटी 'क्यू-यू-ई' अशी शेपटी. अ‍ॅपने नम्रपणे विचारलं, 'या तिन्ही व्यक्ती एकच आहेत का?' मी प्रश्न वाचून दाखवला. आत्याने क्षणभर विचार केला.

"छे रे पुता. लग्नाआधीच्या तिला कधी साधी सर्दी झाली नव्हती."

डॉक्टरांच्या अक्षरावरचे विनोद सगळ्यांचे करून झालेत. मी एवढंच सांगतो, की गोळीपुढे लिहिलेलं 1-0-1, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे अ‍ॅपने एकशे एक असं वाचलं. लगेच फोनवर आठवण वाजली. "एकशे एक? गोळ्या घ्यायच्या की आहेर करायचाय?" आत्याने विचारलं.

आतोबा इतका वेळ झोपाळ्यावर गप्प होते. ते उठून आत गेले आणि एक काळाकुट्ट पुठ्ठ्यासारखा तुकडा घेऊन आले. त्यांचा ईसीजी. तो कागद उष्णतेवर छापला जातो आणि काही वर्षांत फिका पडतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी तो कायमचा टिकावा या हेतूने लॅमिनेट करून घेतला. लॅमिनेशनच्या मशीनच्या उष्णतेने अख्खा कागदच छापून निघाला. "टिकलाय मात्र," आतोबा म्हणाले. मी फोटो काढला. अ‍ॅप म्हणालं, 'कृपया उजेडात फोटो घ्या.'

बांबोळीच्या गठ्ठ्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड होतं. ते उघडलं तर आत वाळून तपकिरी झालेली एक पाकळी. मी ती फुंकून टाकणार, तोच आत्याने माझा हात धरला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितल्यावर तिने देवीकडे प्रसाद मागितला होता. मूर्तीला पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली, मगच सहीचा कागद पुढे सरकला. आता पाकळीचा प्रकार काय निवडायचा? यादीत प्रिस्क्रिप्शन, लॅब रिपोर्ट, एक्स-रे, डिस्चार्ज आणि इतर. खरं तर हे दुसऱ्या तज्ज्ञाचं मत होतं, पण तज्ज्ञांचा नोंदणी क्रमांक भरल्याशिवाय अ‍ॅप पुढे जाईना. शेवटी 'इतर' निवडलं. आत्याला ते फारसं रुचलं नाही.

मग साखरेचे रिपोर्ट आले आणि मी माझ्या लाडक्या भागाकडे वळलो: आलेख. उपाशीपोटीची साखर दर वेळी कशी शहाण्या मुलासारखी. कारण रक्त द्यायच्या आधी दोन दिवस आत्या पेजेवर राहते. पण एचबीएवनसी नावाची तपासणी दोन दिवसांच्या पेजेला भुलत नाही. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात किती साखर चिकटली ते सांगून मोकळ्या होतात. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब. पिशवीत हे दोन कागद कधी शेजारी आले नव्हते. अ‍ॅपने एकाखाली एक दोन रेघा काढल्या, एक सपाट आणि एक घाट चढणारी.

आत्या बराच वेळ त्या घाटाकडे बघत राहिली. "हे कोणाकोणाला दिसणार?"

इथे माझा चेहरा उजळला. परवानगीचा पडदा मी जीव ओतून केला होता. वैद्यकीय नोंदींसाठी देशभर जो 14 आकडी 'आभा' क्रमांक देतात, त्यातही हेच तत्त्व आहे: कोणता कागद, कोणाला आणि कधीपर्यंत दाखवायचा ते पेशंट ठरवतो. सकाळपासून जांभया देणाऱ्या आत्याने चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला. डॉक्टरांना सगळं. दुबईच्या मुलाला फक्त चांगले रिपोर्ट, उगाच रात्री-अपरात्री फोन करतो. सुनेला एक्स-रे हवे तितके, साखर चतुर्थीनंतर.

"नाहीतर नेवऱ्या मोजून वाढेल ती." नेवऱ्या म्हणजे आमच्याकडच्या करंज्या.

पुढच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, परवानगी सणापुरती बंद करायची सोय कशाला? मी लिहून दिलं, 'वापरकर्त्यांची मागणी'. वापरकर्ते एकच होते, पण ते मी लिहिलं नाही.

चतुर्थीला म्हार्दोळला गेलो तेव्हा ताटात पाच नेवऱ्या होत्या. आत्याच्याही. सून मोदक आणायला आत गेली, तेवढ्यात मी हळूच अ‍ॅप उघडून आत्याचा आलेख दाबला. पडद्यावर माझ्याच हाताने निवडलेल्या, डोळ्यांना सुखावणाऱ्या निळ्या रंगात अक्षरं उमटली: 'ही नोंद पाहण्याची परवानगी तुम्हाला नाही.'

"कामाचं आहे हो तुझं ते," आत्या म्हणाली आणि तिने सहावी उचलली.